सल्ला हवा: ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ अर्ध्यात अडलंय, पुढे वाचू का? आणि कसं?

निशिगंध

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण वेळ काढून वाचा ही विनंती.

आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनकट्टा असतो. अकरा जण, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. एरवी आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, कौटुंबिक कादंबऱ्या असं चालतं. या वेळी एका काकांच्या नातवाने सुचवलं म्हणून डग्लस ॲडम्स यांचं हे पुस्तक घेतलं. परग्रहवासी आणि विनोद एकाच पुस्तकात आम्ही कधी वाचले नव्हते. आता गटात सरळ दोन तट पडलेत. तिघं इतके खूश आहेत की रात्री फोन करून वाक्यं वाचून दाखवतात. चौघांनी तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटलं. बाकीचे माझ्यासारखे मधे लटकलेले.

माझं सांगायचं तर, नायक आर्थर डेंट रस्त्यासाठी पाडलं जाणारं घर वाचवायला बुलडोझरपुढे चिखलात आडवा पडतो तिथपर्यंत मी रमले होते. मग बघता बघता अवकाशातल्या महामार्गासाठी आख्खी पृथ्वीच पाडली जाते. आणि त्याबद्दल कोणी धड रडतसुद्धा नाही. पुढे ते पृथ्वी पाडणारे हिरवे परग्रहवासी व्होगन, परक्या भाषा कळाव्यात म्हणून कानात घालायचा मासा, कविता ऐकवून छळ. मी पानं उलटते आहे, पण हसू येत नाही, आणि काहीतरी आतून खटकतंय. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, तो तीच पानं वाचून पोट धरून हसतो.

तेव्हा सांगा, पुढे वाचू का? रेडिओ, सिनेमा, ऑडिओबुक असं बरंच काही आहे म्हणतात, त्यातलं आधी काय घ्यावं? भाच्याच्या वयाला हे ठीक आहे ना? आणि कट्ट्यावर ज्यांनी पुस्तक मिटलंय त्यांना पुन्हा उघडायला लावायचं तर कुठून सुरुवात करू? इंग्रजीतूनच वाचतोय, त्यामुळे भाषेचाही थोडा अडसर आहे.

रात्रपाळी

ताई, आधी ऐका, मग वाचा. कारण ही गोष्ट मुळात ऐकण्यासाठीच जन्माला आली. ८ मार्च १९७८ च्या रात्री साडेदहाला बीबीसी रेडिओ ४ वर पहिला भाग लागला. पहिल्या मालिकेचे सहा भाग. कादंबरी त्यानंतर, ऑक्टोबर १९७९ मध्ये आली. म्हणजे पुस्तकात आपण जे वाचतो ते आधी नटांच्या तोंडी बसलेलं होतं.

कागदावर ‘मार्गदर्शिके’चे, म्हणजे गोष्टीतल्या त्या अवकाशप्रवासाच्या माहितीपुस्तकाचे, उतारे मधेच घुसल्यासारखे वाटतात, गोष्ट तुटते. रेडिओवर तेच उतारे निवेदक पीटर जोन्स यांच्या शांत, समजुतीच्या आवाजात येतात आणि त्यांचीच वाट बघावीशी वाटते. हा माणूस विश्वातली सगळ्यात भयंकर गोष्टही घरातल्या वडीलधाऱ्याने गाडीचं वेळापत्रक सांगावं तशी सांगतो. मी रात्रीच्या पाळीत काम करतो. पहिल्यांदा ही मालिका कारखान्याच्या बसमध्ये पहाटे ऐकली. पुस्तक त्याआधी दोनदा अर्धवट सोडलं होतं, मालिकेनंतर दोन रात्रींत संपलं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटाला हिरमोड होणार नाही. पहिली कादंबरी मालिकेच्या पहिल्या चार भागांवर बेतलेली आहे आणि ती अचानक थांबते. ॲडम्स स्वतः सांगायचे की मुदत केव्हाच उलटून गेली होती, तेव्हा प्रकाशकांनी फोन करून सांगितलं, चालू पान पूर्ण करा आणि हस्तलिखित द्या. तेव्हा शेवट कळला नाही म्हणून कोणी स्वतःला दोष देऊ नये. गोष्ट १९८० च्या दुसऱ्या पुस्तकात पुढे जाते.

सिनेमा २००५ चा आहे. तो सर्वात शेवटी. १९८१ ची बीबीसीची दूरदर्शन मालिका त्याहून मूळच्या जवळची.

बेचाळीस

भाच्याला खुशाल वाचू द्या. मी आठवीत वाचलं होतं. बिअर प्यायचे प्रसंग आहेत, दोन-चार शिव्या आहेत, त्यापलीकडे आक्षेप घ्यावं असं काही आठवत नाही.

आणि त्याला गणित आवडत असेल तर त्याच्यासाठी एक गंमत (ज्यांना आधी कळायला नको त्यांनी हा परिच्छेद सोडा). पहिल्या पुस्तकात एक अजस्र संगणक पंचाहत्तर लाख वर्षं विचार करून जीवनाच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर देतो, ४२. प्रश्न काय होता ते मात्र कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या पुस्तकात प्रश्न हाती लागतो तो असा, सहा नवे किती? आपल्या पाढ्यात चोपन्न. पण दहाऐवजी तेरा हा पाया धरून अंक मांडले तर चार तेरं बावन्न आणि दोन, म्हणजे चोपन्न हे ‘४२’ असंच लिहिलं जातं! वाचकांनी हे शोधून काढलं. ॲडम्स म्हणाले की तसं काही मनात नव्हतं, एक साधा, छोटा आकडा हवा होता, एवढंच. मला त्यांचं हे उत्तर फार आवडतं. आम्ही वर्गात याच्यावरून पायाबदलाची उदाहरणं सोडवली होती आणि तो एकमेव धडा मला परीक्षेनंतरही पक्का आठवतो.

शेवगा

मी विरुद्ध बाजूने लिहिते. मला हे पुस्तक आवडलं नाही, आणि ज्या चौघांनी मिटलं त्यांची बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

पात्रं वाढत नाहीत. घटना एकीतून दुसरी उगवत नाही, एक गंमत संपली की दुसरी येते. आणि ट्रिलियन! पुस्तकातली एकमेव महत्त्वाची बाई, गणित आणि खगोलभौतिकीची पदवीधर, आणि तिच्या वाट्याला काय? आकाशगंगेचा अध्यक्ष असलेल्या झेफॉडच्या लहरी सांभाळणं आणि आकडे वाचून दाखवणं. पृथ्वीवरून वाचलेली ती दुसरी व्यक्ती आहे. तिचंही घर गेलंय. तिला काय वाटलं हे लेखकाने विचारावं असं मला पानोपानी वाटत राहिलं.

तुमच्या कट्ट्यावर हा मुद्दा जरूर काढा. पुस्तक आवडलेल्यांनीही याचं उत्तर द्यायला हवं.

रात्रपाळी

शेवगाताई, ट्रिलियनबद्दल पूर्ण सहमत. मी मालिकेचा भक्त आहे तरी ही उणीव मान्य करतो. पुढच्या पुस्तकांत, विशेषतः १९८२ च्या तिसऱ्यात, तिला थोडं जास्त काम आहे. पण पहिल्यात नाही, हे खरं.

पिंपळपार

निशिगंधताई, तुम्ही लिहिलंत की पृथ्वी गेली तरी कोणी धड रडत नाही. त्या वाक्यासाठी लिहायला बसलो. एरवी मी इथे फक्त वाचतो.

तुम्ही सहाव्या प्रकरणातला तो उतारा पुन्हा एकदा सावकाश वाचा. मासा कानात गेल्यानंतरचा. आर्थर पृथ्वी गेली हे मनात धरायचा प्रयत्न करतो आणि त्याला ते जमत नाही. आईवडील आणि बहीण गेली, असा विचार करून बघतो, काहीच वाटत नाही. मग दोन दिवसांपूर्वी दुकानाच्या रांगेत ज्याच्या मागे उभा होता तो अनोळखी माणूस आठवतो आणि पोटात कळ येते. इंग्लंड नाही, हे कसंबसं पटतं. अमेरिका नाही, हे पटत नाही. न्यूयॉर्क नाही, तेही नाही. एकेक पायरी उतरत शेवटी तो येतो हॅम्बर्गरवर, की आता तो कधीच मिळणार नाही. आणि तिथे बेशुद्ध पडतो.

लोक त्या ओळीला हसतात. मी हसू शकलो नाही, आणि का ते सांगतो.

आमचं घर तालुक्याच्या गावी, मुख्य रस्त्याला लागून. आजोबांनी बांधलेलं. रस्ता रुंदीकरणात पुढची अकरा फूट गेली. नोटीस निघाली होती म्हणे. हरकती व सूचना मागवल्या होत्या, मुदत दिली होती. ती ज्या वर्तमानपत्रात छापली ते आमच्या गावात येतच नव्हतं आणि नकाशा लावला होता जिल्ह्याच्या गावी, एका कार्यालयाच्या मागच्या बोळातल्या फलकावर. आम्हाला कळलं ते भिंतीवर लाल रंगाची खूण दिसली तेव्हा. वडील अर्ज घेऊन गेले तर समोरचा माणूस अजिबात उद्धट नव्हता. तो शांतपणे म्हणाला, मुदत संपली, तुम्ही तेव्हाच यायला हवं होतं.

पुस्तकात आर्थरच्या घराचा आराखडा नऊ महिने ‘प्रदर्शित’ असतो. कुठे, तर दिवे नसलेल्या, जिनाही नसलेल्या तळघरात, बंद पडलेल्या संडासातल्या कुलूपबंद कपाटात, आणि दारावर बिबट्यापासून सावध राहा अशी पाटी. आणि थोड्याच वेळाने व्होगन सगळ्या पृथ्वीला तेच ऐकवतात की आराखडे पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरीच्या कार्यालयात लावलेले होते, आता तक्रार करून उपयोग नाही. हे वाचताना माझे हात गार पडले. इंग्लंडमधल्या एका माणसाने सत्तरच्या दशकात हे लिहिलं आणि त्याला माझ्या वडिलांचं सगळं माहीत होतं, असं वाटलं.

ज्या दिवशी भिंत पाडली त्या दिवशी घरात कोणी रडलं नाही. आई सगळ्यांना चहा देत होती, मशिनवाल्यालासुद्धा. दोन दिवसांनी ढिगाऱ्यात पुढच्या दाराची चौकट सापडली. तिच्यावर मी आणि माझी बहीण दर पाडव्याला उंचीच्या खुणा करायचो. पेन्सिलीने, शेजारी साल लिहून. ती चौकट दोन तुकड्यांत होती. माझी खूण एका तुकड्यावर, तिची दुसऱ्यावर. तिथे वडील खाली बसले.

म्हणून मला ते पुस्तक थंड वाटत नाही. लेखकाला दुःख माहीत आहे. माणसाचं मन एवढं मोठं नुकसान एकदम उचलू शकत नाही, ते लहान वस्तूपाशी येऊन मोडतं, हे त्याने बरोबर पकडलंय. फक्त तो ते हसत्या चेहऱ्याने सांगतो. कट्ट्यावर कुठून सुरुवात करू असं विचारलंत, तर पहिलं प्रकरण, तिसऱ्यातली व्होगनांची घोषणा आणि सहाव्यातला हा उतारा, एवढेच तुकडे सलग मोठ्याने वाचा. मधलं सगळं नंतर.

शेवगा

पिंपळपार, हे मी वाचलं होतं आणि हॅम्बर्गरवर पुढे गेले होते. आज रात्री ते प्रकरण पुन्हा काढते. ट्रिलियनबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे, पण हे पुन्हा वाचते.

अनुवादिनी

पिंपळपारदादांच्या प्रतिसादानंतर काही लिहायला जड जातंय, पण निशिगंधताईंनी भाषेचा अडसर म्हटलाय, तर माझा अनुभव सांगते. मी भाषांतराचं काम करते आणि स्वतःच्या आनंदासाठी या पुस्तकातले काही तुकडे मराठीत करून पाहिलेत.

अडचण शब्दांची नसते, सुराची असते. हे इंग्रजी वरकरणी अतिशय सभ्य आहे. आवाज चढत नाही, विशेषणं कमी, आणि वाक्याच्या अगदी शेवटच्या शब्दाशी जमीन सरकते. ॲडम्स यांना इंग्रजी विनोदी लेखक वुडहाउस अतिशय प्रिय होते. तुमच्या कट्ट्यावर वुडहाउस वाचलेले कोणी असतील तर त्यांना हा सूर लगेच सापडेल. मराठीत तो आणायचा तर मी चिं. वि. जोश्यांकडे जाते. चिमणराव ज्या निरागसपणे संकटात सापडतो, आर्थर त्याच जातीचा आहे. ड्रेसिंग गाउन घातलेला, चहा शोधणारा, आपल्यावर ही वेळ का आली ते न समजणारा.

आणि व्होगनांच्या घोषणेसाठी तर मराठीत भाषा तयारच आहे! ‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की’, ‘सदर प्रकल्प’, ‘उक्त मुदतीनंतर प्राप्त झालेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही’. ती घोषणा या मराठीत मनातल्या मनात वाचा. आर्थरला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, प्रकल्पग्रस्त. इंग्रजीत तो इतका सहज नाही. हा शब्द सुचला तेव्हा मला पुस्तक पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आपलं वाटलं.

अजून एक. आर्थरचा परग्रहवासी मित्र, मार्गदर्शिकेसाठी लिहिणारा फोर्ड प्रिफेक्ट पंधरा वर्षं पृथ्वीवर अडकून पडतो आणि एवढं राहून मार्गदर्शिकेतली पृथ्वीची नोंद कितीशी वाढवतो? आधी ‘निरुपद्रवी’ एवढंच होतं, तो त्याचं ‘बहुतांशी निरुपद्रवी’ करतो. ‘बहुतांशी’ हा अहवालातला शब्द तिथे बसला त्या दिवशी मी दिवसभर आनंदात होते.

गच्चीवरून

आकाशनिरीक्षण करणाऱ्यांच्या बाजूने थोडी भर. या पुस्तकातले तारे खरे आहेत आणि आपल्या ओळखीचे आहेत. फोर्ड ज्याच्या जवळून आला तो बीटलज्यूस म्हणजे आपला काक्षी, मृग नक्षत्रातला तांबूस तारा. डिसेंबर-जानेवारीत भाच्याला गच्चीवर न्या आणि दाखवा. अल्फा सेंटॉरी म्हणजे मित्र, नरतुरंगातला. तो महाराष्ट्रातून दिसतो, पण दक्षिण क्षितिजापासून जेमतेम दहा-बारा अंश वर येतो. मेच्या मध्यावर रात्री अकरा-साडेअकराला दक्षिण मोकळी असेल अशा जागी उभं राहा. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर अजून छान. अंतर सुमारे ४.३७ प्रकाशवर्षं. व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने चाललंय, त्या वेगाने तिथपर्यंतच्या अंतराला पंचाहत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. व्होगनांच्या कार्यालयात हरकत नोंदवायला किती चालावं लागलं असतं याचा हा हिशेब.

व्हॉयेजरचं नाव काढलं ते मुद्दाम. दोन्ही व्हॉयेजर १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. परग्रहावर कोणी असलंच तर त्यांच्यासाठी. पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा तिच्यावर आहेत आणि त्यात मराठी आहे. शिवाय गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. त्यानंतर सहा-सात महिन्यांत ॲडम्स यांची मालिका रेडिओवर लागली. एकीकडे माणसांनी इतक्या मनापासून नमस्कार पाठवला, केसरबाईंचा आवाज पाठवला. आणि त्याच सुमारास कोणाला तरी वाटलं की समोरून येईल ती पाडकामाची नोटीस.

मी दोन्ही शेजारी ठेवून बघतो. कट्ट्यावर शक्य असेल तर व्होगनांची घोषणा वाचायच्या आधी ती भैरवी लावा. साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. नंतर लगेच वाचन सुरू करा, मधे बोलू नका.

बेचाळीस

बाप रे, केसरबाई आणि व्होगन! हे मी करून बघणार.

निशिगंध

इतके मनापासून प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. पिंपळपारदादा, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एक राहिलं. कोणीतरी मराठीतलं परग्रहांवरचंही सुचवा ना. कट्ट्यावर दोन्ही एकदम ठेवता येईल.

गच्चीवरून

जयंत नारळीकरांचं ‘प्रेषित’ घ्या. विनोदी नाही, पण परग्रहवासींकडे बघण्याची नजर पूर्ण वेगळी आहे, म्हणून जोडीला चांगलं. आणि ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह, तोही ॲडम्स यांच्या कादंबरीसारखा १९७९ चाच. ॲडम्स १९७१ मध्ये केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायला गेले, नारळीकर १९७२ मध्ये तिथून मुंबईला परतले. म्हणजे काही काळ दोघं एकाच गावात होते. हे कळल्यापासून मी दोघांची पुस्तकं कपाटात शेजारीशेजारी ठेवली आहेत.

कट्ट्यावर क्रिकेटवेडे कोणी असतील तर त्यांना ॲडम्स यांचं तिसरं पुस्तक द्या. लॉर्ड्सच्या मैदानावर यंत्रमानव उतरतात आणि ॲशेसचा कलश पळवतात. माझ्या वडिलांनी आयुष्यात वाचलेली ही एकमेव विज्ञानकादंबरी.

निशिगंध

मंडळी, काल कट्टा झाला. लगेच लिहिते आहे.

अकरापैकी दहा जण आले. गच्चीवरून यांनी सांगितल्याप्रमाणे भैरवी लावली, दिवे मंद केले. मग भाच्याने व्होगनांची घोषणा इंग्रजीत वाचली आणि लगेच मी तीच सरकारी मराठीत करून वाचली, अनुवादिनींनी दिलेल्या शब्दांवरून जमेल तशी. ‘हरकतींचा विचार केला जाणार नाही’ इथे पुस्तक मिटलेले चौघंही खळखळून हसले. त्यातले एक काका महसूल खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी माझी दोन वाक्यं तिथल्या तिथे दुरुस्त करून दिली, ‘असं नसतं, असं असतं’ म्हणून.

नंतर सहाव्या प्रकरणातला तो उतारा. पिंपळपारदादा, तुमचं नाव-गाव काही न सांगता चौकटीची गोष्ट मी सांगितली. राग येणार नाही अशी आशा. खोलीत कोणी हललं नाही. मग आमच्या सगळ्यात मोठ्या आजी, ८१ वर्षांच्या, म्हणाल्या की त्यांचं माहेर धरणात गेलं तेव्हा त्यांना गाव आठवून कधी रडू आलं नाही, पण विहिरीच्या कठड्यावर दोराने पडलेल्या खाचा आठवल्या की अजून येतं. पुस्तकावरची चर्चा तिथे थांबली आणि पुढचा तासभर आम्ही आजींचं गाव ऐकलं.

शेवगाताई, तुमचा ट्रिलियनचा मुद्दा काढायला वेळ उरला नाही. तो पुढच्या वेळी पहिला घेणार आहोत, दोघीतिघींना ते फार पटलंय.

आठ जण पुस्तक पूर्ण करणार आहेत. मीही. आणि दुसरं पुस्तकही घ्यायचं ठरलंय. रात्रपाळी, त्या मालिकेचे पाचवा आणि सहावा भाग आधी ऐकवू, की दुसरं पुस्तक वाचून झाल्यावर?

पिंपळपार

राग कसला ताई. बहिणीला तुमचा प्रतिसाद पाठवला. आजींना माझा नमस्कार सांगा.

रात्रपाळी

आधी ऐकवा. पाचवा भाग सुरू करायच्या आधी चहा देऊन टाका, मधे कोणी उठायला नको.